विषय : विमान परत करणेबाबत

सोमवार, ३ नोव्हेंबर १९५८. सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी रघुनाथराव बिवलकर यांनी आपला विमान चालवण्याचा परवाना झाशीच्या उड्डाण नोंदणी उपकार्यालयातील बडे बाबू निगम यांच्या टेबलावर ठेवला आणि आपल्या नावावरचे दोन जणांचे विमान नोंदवहीतून कमी करावे, अशी विनंती केली. घडले ते एवढेच. पुढचे सगळे नियमानुसार झाले.

रघुनाथरावांचे वय चौसष्ट. त्यांचे पूर्वज पेशव्यांच्या फौजेबरोबर घोड्यावर बसून झाशीला आले आणि परत जाण्याचा हुकूम न आल्यामुळे इथेच राहिले. रघुनाथराव स्वतः जवळच्या एका लहानशा संस्थानात महाराजांचे वैमानिक होते. संस्थान विलीन झाले तेव्हा महाराजांनी पेन्शनीऐवजी जे हाताशी होते ते नोकरांना वाटून टाकले. माहुताला हत्ती मिळाला, रघुनाथरावांना विमान. माहुताने आठवडाभरात हत्ती जंगलात सोडून दिला. हत्तीची कुठे नोंद नव्हती.

विमान सोडण्याचे कारण रघुनाथरावांनी फक्त बायकोला सांगितले होते. शहराबाहेर, कानपूरच्या विरुद्ध बाजूच्या माळावर त्यांची धावपट्टी होती. तिच्या कडेला चुन्याची पांढरी रेघ मारलेली असे, आणि ती रेघ धरून उतरायचे ही दहा वर्षांची रीत. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी रेघ धरून ते खाली येत होते. जमीन तीन-चार पुरुष खाली उरली असताना रेघेच्या टोकाला एक गाढव दिसले. चुन्याच्या रेघेला गाढव नसते, हे लक्षात येताच त्यांनी विमान वर उचलले. ज्याला ते रेघ समजत होते त्या होत्या कढोरे नावाच्या धोब्याने वाळत घातलेल्या चादरी, आणि कढोरे स्वतः त्या चादरींमध्ये पालथा पडून रामाचे नाव घेत होता. कोणाला काही लागले नाही. घरी येऊन हातपाय धुताना रघुनाथराव म्हणाले, "अगं, आज माझ्या हातून माणूस मेला असता."

बकुळाबाई गार्डाची मुलगी. भुसावळच्या रेल्वे यार्डात, सिग्नलच्या खांबांखाली त्यांचे बालपण गेले होते.

"मग थांबा की," त्या म्हणाल्या. "लाल दिसलं की थांबायचं, त्यात विचार कसला? आमच्या बाबांनी सिग्नल नाही म्हणून लाटसाहेबाची गाडी दीड तास उभी ठेवली होती. लाटसाहेब पायी गेला, पण गाडी हलली नाही."

रघुनाथराव थांबले. मात्र थांबताना त्यांनी एक चूक केली, आणि ती फक्त सरळ माणसाच्या हातून होऊ शकते. त्यांना वाटले, आधी हक्क परत करावा, मग वस्तू. म्हणून आधी परवाना पुढे केला.

निगमबाबूंनी परवाना उलटूनपालटून पाहिला, शिक्का उचलला, ‘रद्द’ असे उमटवले आणि खाली वेळ घातली : १०.१४. सीपरी बाजारात रेडिओ दुरुस्तीच्या दुकानावरच्या त्या दोन खोल्यांत चार मिनिटांत पुरे झालेले हे पहिले काम होते.

"अब हवाई जहाज़," रघुनाथराव म्हणाले.

"जहाज़ का फ़ॉर्म सात है." निगमबाबूंनी फॉर्म काढून त्यावरची धूळ फुंकली. "इस पर मालिक के दस्तख़त, और पायलट के. पायलट वैध परवानेवाला हो."

"मालिक भी मैं, पायलट भी मैं."

"थे," निगमबाबूंनी दुरुस्ती केली. "दस चौदह तक थे. अभी दस बीस हुए हैं."

"तो परवाना पाँच मिनट के लिए लौटा दीजिए."

"पंडितजी, रद्द परवाना सरकारी संपत्ति है. नया निकलवाइए. आँख की जाँच होगी, बस."

"आँख ही तो नहीं है. इसीलिए तो छोड़ रहा हूँ!"

निगमबाबूंना मनापासून वाईट वाटले. "तो पहले जहाज़ जमा करते," ते म्हणाले, "ईमानदारी बाद में."

तरीही वाट होती. निगमबाबूंच्या कार्यालयात वाट नेहमीच असे. विमान कानपूरच्या प्रादेशिक कार्यालयासमोर प्रत्यक्ष हजर केले, तर फॉर्म आठ लागतो आणि त्यावर वैमानिकाची सही लागत नाही. उडवून नेता येत नाही म्हणून रघुनाथराव विमान रेल्वेने पाठवायला निघाले.

मालधक्क्यावर श्रीकृष्ण गाजरे नावाचे बुकिंग क्लार्क होते. भुसावळहून बदलून आलेले. बकुळाबाईंना माहेरच्या नात्याने आत्या म्हणत आणि दर गणपतीत बिवलकरांकडे आरतीला येत. त्यांनी दरपुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचले.

"काका, यात हत्ती आहे, प्रेत आहे, सर्कशीचा तंबू आहे. विमान नाही."

"सगळ्यांत जवळचं काय आहे?"

"पक्षी, मोठा. पण त्याला पिंजरा लागतो, आणि वाटेत दोनदा दाणापाणी द्यावं लागतं. ते कानपूरपर्यंत कोण देणार?" गाजरे डोके खाजवत राहिले. "आपण असं करू, शेतीचं अवजार म्हणून टाकू. मात्र एकोणतीस फुटांचे पंख मालगाडीच्या कुठल्याच वाघिणीत मावायचे नाहीत. पंख तेवढे काढून द्या."

रघुनाथरावांनी आयुष्यात कुठलेही काम विचारल्याशिवाय केले नव्हते. त्यांनी पंख काढण्याबद्दल विचारले. निगमबाबूंनी नियम काढून दाखवला. विमान म्हणजे पंख असलेले वाहन. पंख काढल्यावर उरतो तो सांगाडा. सांगाड्याची वहीत नोंद नाही, आणि ज्याची नोंदच नाही ते वहीतून कमी कसे करणार?

"जाऊ दे ते सगळं," बकुळाबाई घरी म्हणाल्या. "त्या धुडाला काडी लावा. मी रॉकेल आणते."

दुसऱ्या दिवशी रघुनाथरावांनी हेही विचारले. नोंद असलेले विमान जळाले तर तो अपघात ठरतो. अपघाताची चौकशी होते, आणि चौकशीत विमानाच्या परवानाधारक वैमानिकाला साक्ष द्यावी लागते.

शेवटी प्रकरण कानपूरला गेले. २९ डिसेंबरला उत्तर आले, आणि ते अतिशय सहानुभूतीचे होते. अर्जदाराची अडचण कार्यालयाने लक्षात घेतली आहे. परवाना नसलेल्या मालकास, विमान परत करण्याच्या एकमेव प्रयोजनार्थ, झाशी ते कानपूर असे एक वेळचे उड्डाण करण्याची खास परवानगी देण्यात येत आहे. सवलतीचा गैरफायदा घेतला जाऊ नये म्हणून, अर्जदार विमान चालवण्यास खरोखर असमर्थ असल्याचा डोळ्यांच्या डॉक्टरांचा दाखला सोबत जोडावा.

रघुनाथरावांनी पत्र दोनदा वाचले. मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचले.

"निगमबाबू, इसका मतलब, मैं अंधा हूँ यह साबित करूँ, तो मुझे उड़ने देंगे?"

"पूरे अंधे की ज़रूरत नहीं," निगमबाबू धीर देत म्हणाले. "साठ फ़ीसदी काफ़ी है."

"आणि मी नाही उडवलं तर?" रघुनाथराव रागात मराठीवर आले. निगमबाबूंना मराठी येत नव्हती, पण हा प्रश्न त्यांना सगळ्या भाषांत कळत असे. त्यांनी पत्राच्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवले. ३१ जानेवारीपर्यंत विमान परत न आल्यास ते नियमित वापरात असल्याचे मानण्यात येईल, आणि नियमित वापरातील विमान मालकाने वर्षाकाठी किमान वीस तास उडवणे बंधनकारक राहील.

त्या दुपारी रघुनाथरावांनी जेवताना हिशेब केला. एकदा उडवले तर वाटेत झाशी एकदाच लागते. वीस तास उडवायचे तर पंचवीस-तीस वेळा. माणसे कमी मरायची असतील तर एकदाच उडवणे बरे. इतक्या शांतपणे आपण हा विचार केला, याची त्यांना भाकरी मोडताना लाज वाटली.

पण त्याच पत्राच्या मागच्या बाजूला सुटकेची एक वाट टंकलेली होती. उड्डाणाच्या मार्गाखाली राहणाऱ्या नागरिकांचे ‘हरकत नाही’ पत्रक सादर करावे. एकाही रहिवाशाने हरकत घेतल्यास उड्डाण रद्द समजून विमान जागेवरच कागदोपत्री कमी करण्यात येईल.

"एक!" रघुनाथराव ताटावरून उठले. "बकुळा, एक माणूस पुरे! एवढ्या झाशीत एक माणूस ‘नको’ म्हणाला की सुटलो!"

"म्हणेल की," बकुळाबाई म्हणाल्या. "स्वतःच्या डोक्याची काळजी कोणाला नसते?"

पत्रकाचा मजकूर रघुनाथरावांनी स्वतः लिहिला, हिंदीत आणि मराठीत, दुकानाच्या पाटीसारख्या मोठ्या अक्षरांत, म्हणजे हरकत घेणाऱ्याची गैरसोय होऊ नये. ‘ज्याला साठ टक्के दिसत नाही असा चौसष्ट वर्षांचा, परवाना नसलेला माणूस आमच्या घरावरून विमान नेणार असून, ते आमच्यावर पडल्यास आमची हरकत नाही.’ खाली रेघा मारल्या. मग ते बडा बाजारात गेले.

पहिल्या दुकानात कापडाच्या व्यापाऱ्याने पत्रक घेतले, उजवीकडे ठेवले आणि गल्ल्यावर रेलून सही केली.

"पढ़ तो लीजिए, भैया!"

"अरे, आप लाए हैं तो ठीक ही होगा." व्यापाऱ्याने पत्रक शेजारच्या दुकानात सरकवले. "लो, पंडितजी का काग़ज़ है. नल के पानी वाला है न?"

शेजारच्याने विचारले, वर कोणाची सही आहे? ती दिसल्यावर त्याने आपली केली. त्याच्या पुढच्याने दोन सह्या पाहिल्या आणि कोणी तरी वाचले असणार, या खात्रीने तिसरी केली. दतिया गेटपाशी शाळेच्या मुख्याध्यापिका विजयालक्ष्मीबाई भेटल्या. त्यांनी पत्रक अथपासून इतिपर्यंत वाचले तेव्हा रघुनाथरावांच्या छातीत आशा धडधडू लागली. बाईंनी पेन मागितले, ‘टक्के’ या शब्दानंतर एक स्वल्पविराम घातला, "सुवाच्य आहे हो," म्हणाल्या आणि सही केली. गाजऱ्यांनी तीन प्रतींवर केली आणि खाली मालधक्क्याचा शिक्का मारला. "काका, तुमच्यासाठी एवढंही नाही का करायचं?"

संक्रांतीला बिवलकरांकडे हळदीकुंकू होते. झाशीतल्या यच्चयावत मराठी बायका येणार म्हणून बकुळाबाईंनी पत्रक तबकातच ठेवले, तिळगूळ आणि बांगड्यांच्या मध्ये. "अगं, वाचा गं जरा," त्या एकेकीला अत्तर लावताना बजावत होत्या. बायकांनी कुंकू लावून घेतले, वाण पदरात घेतले आणि सही केली. भानुमती काळे नावाच्या सूनबाईंनी तेवढे विचारले, "काकू, नवऱ्याची पण इथंच करू का? ते ऑफिसात आहेत." केली.

२० जानेवारीपर्यंत दोनशे अकरा सह्या झाल्या. हरकत एकही नाही. पत्रक घेऊन रघुनाथराव माळावर गेले, तिथे कढोरे कपडे पिळत होता.

"कढोरे, सही करोगे?"

"हमें लिखबो-पढ़बो नईं आउत, महाराज." त्याने हात धोतराला पुसले. "पैलें बाँच कें सुनाओ, का लिखो है."

गेल्या तीन आठवड्यांत हे वाक्य रघुनाथरावांनी कोणाच्याही तोंडून ऐकले नव्हते. त्यांनी पत्रक वाचून दाखवले. कढोरेने गाढवाकडे पाहिले, वर आभाळाकडे पाहिले.

"हमें तौ हरकत है," तो म्हणाला. "बिलकुल है. एक बेर तौ बच गए."

रघुनाथरावांनी त्याला ओल्या कपड्यांसकट मिठी मारली.

निगमबाबूंनी ही हरकत अत्यंत गंभीरपणे हाताळली. कढोरेला खुर्ची दिली. मग अडचणी समोर ठेवल्या. पत्रक ‘हरकत नाही’चे आहे, त्यावर अंगठा उमटवला तर हरकत नाही असा अर्थ होतो. अंगठा न उमटवला तर हा माणूस पत्रकात कुठेच नाही, आणि जो नाही त्याची हरकत असल्याला पुरावा काय? वेगळा लेखी अर्ज घेता येईल, पण अर्जदार मार्गाखालचा रहिवासी हवा. "मैदान पै रहत हो?" निगमबाबूंनी त्याच्याच बोलीत विचारले.

"रहत नइयाँ. कपड़ा सुखाउत हैं. दिन भर उतईं रहत हैं."

"यानी चादरें रहती हैं, तुम नहीं." निगमबाबूंनी फाइल बंद केली. "चादरों की हरकत का प्रावधान नहीं है."

कढोरे जिना उतरून खाली आला. मग म्हणाला, "कौन दिना उड़हौ, महाराज?"

"इकतीस. सनीचर, सबेरे आठ बजे."

"अच्छा," कढोरे म्हणाला.

शनिवार, ३१ जानेवारी १९५९. सकाळी पावणेआठ वाजता बकुळाबाई नऊवारी घट्ट कसून, कानाला मफलर बांधून विमानाच्या पुढच्या बैठकीत चढल्या. इतक्या वर्षांत त्यांनी या विमानाला कधी हातही लावला नव्हता.

"तू कुठे चाललीस?"

"तुमचे डोळे माळावर ठेवून एकटे जाणार होता का? मला लांबचं स्वच्छ दिसतं. रुळांवरून चला. रूळ कानपूरला जातात, हे तुमच्या त्या निगमबाबूलासुद्धा नाकारता यायचं नाही. स्टेशनांच्या पाट्या मी वाचते."

"पाट्या वाचायला किती खाली यावं लागेल, ठाऊक आहे?"

"यायचं मग. आणि गाडी दिसली तर मी ओरडेन."

आठ वाजून पाच मिनिटांनी विमान उडाले. त्यानंतरची माहिती गाजऱ्यांकडून मिळाली, कारण त्यांनी रेल्वेच्या टेलिफोनवर वाटेतल्या स्टेशनांना कळवून ठेवले होते आणि स्टेशनांनी सवयीप्रमाणे कळवले. चिरगाव, आठ एकवीस, पास. मोठ, आठ तेहतीस, पास. बाईमाणसाने हात हलवला. त्यानंतर ओरईच्या अलीकडचे एक लहान स्टेशन, आठ पन्नास.

इथे ते पास झाले नाही. पुढे मालगाडी होती, त्यामुळे स्टेशनाबाहेरचा सिग्नल लाल होता. त्या स्टेशनच्या मास्तरांनी टेलिफोनवर सांगितले ते असे : विमानाने सिग्नलबाहेर एक घिरटी घातली, मग दुसरी. पुढच्या बैठकीतल्या बाई सिग्नलच्या खांबाकडे हात करून मागच्या गृहस्थांना ठामपणे काही तरी सांगत होत्या. गृहस्थ मान हलवत होते. पाचवी घिरटी झाल्यावर मास्तर स्वतः बाहेर आले आणि त्यांनी हिरवे निशाण दाखवले, पण खांब लालच होता आणि बाईंनी निशाण मानले नाही. नऊ पाचला विमान वळले आणि आले तसे झाशीच्या दिशेने निघाले.

नऊ पंधराला कानपूरची तार उपकार्यालयात पोचली. महिनाअखेर नोंदवही पूर्ण करायची असल्याने सदर विमान आजच्या तारखेपासून कागदोपत्री कमी करण्यात आले आहे. उड्डाणाची आवश्यकता नाही. निगमबाबूंनी वही काढली, पट्टी ठेवून लाल शाईने एक सरळ रेघ मारली आणि कढोरेच्या भेटीनंतर प्रथमच चहा मागवला. दहाच्या सुमारास सीपरी बाजारावर घरघर ऐकू आली तेव्हा गाजरे धापा टाकत जिना चढून आले.

"बाबूजी, वो लौट आए हैं! नीचे उतारने को कुछ कीजिए!"

"कौन लौट आए?"

"बिवलकर काका! विमान!"

निगमबाबूंनी वही त्यांच्याकडे फिरवून लाल रेघ दाखवली. "झाँसी में कोई जहाज़ नहीं है," ते म्हणाले, आणि आवाज येत होता ती खिडकी लावून घेतली.

गाजरे सायकल घेऊन माळावर गेले. तिथे कढोरे सकाळी आठपासून धावत होता. बुधवार ते शुक्रवार धुतलेल्या साऱ्या चादरी त्याने गाढवावर लादून आणल्या होत्या आणि विमान परत वळलेच तर वरून दिसावे म्हणून धावपट्टीच्या कडेला, चुन्याच्या पुसट झालेल्या रेघेवर, एकीला एक जोडून तो अंथरत होता. कोपऱ्यांवर दगड ठेवत होता. चौसष्ट चादरी अंथरून झाल्या होत्या. सीपरी बाजार, बडा बाजार आणि दतिया गेट मिळून एकोणतीस घरांच्या.

गाजऱ्यांच्या अंदाजाने पेट्रोल दहा पस्तीसपर्यंत पुरेल. दहा पंचवीसला विमान शहरावरून चौथ्यांदा गेले, इतक्या खालून की बडा बाजारात गच्चीवरच्या पापड्या उडाल्या. ते माळाच्या दिशेने गेले की अलीकडेच वळले, याबद्दल एकमत नाही.

दहा सव्वीसला उपकार्यालयात या प्रकरणातील पहिली लेखी हरकत दाखल झाली. तिच्यावर सात जणांच्या सह्या असून, सर्वांनी ती दोनदा वाचून घेतली, दोन ठिकाणी दुरुस्त करायला लावली आणि मगच सही केली. हरकत अशी की, धुतलेल्या चादरी धोब्याने परवानगीशिवाय मातीत अंथरल्या आहेत. निगमबाबूंनी पोच दिली आहे.

सातांपैकी सहा जणांच्या सह्या आधीच्या पत्रकातही सापडल्या. सातवी जुळवून पाहण्याचे काम चालू आहे. ती तिसऱ्या पानावरच्या अकराव्या ओळीतली असावी, पण तिथली सही इतकी घाईत केलेली आहे की नाव लागत नाही. पत्रक जिन्याच्या तोंडाशी लावून ठेवले आहे. अक्षर आपलेच वाटल्यास, दहा अठ्ठावीस झाले आहेत, कृपया वर पाहावे.